गेममधला आयटम दुप्पट होतोय किंवा गायब होतोय? डेटाबेस या क्रमाने तपासा

छोट्या गेम स्टुडिओंचं बिघडलेलं बॅकएंड (सर्व्हर आणि डेटाबेसची बाजू) दुरुस्त करून देणं हा माझा धंदा. फोन येतो तेव्हा तक्रार बहुतेक एकाच घराण्यातली असते. कुणी म्हणतं, "खेळाडूंकडे ड्युप, म्हणजे आयटमच्या नकली प्रती, निघालेत." कुणी म्हणतं, "घेतलेला आयटम पोचलाच नाही." ऐकायला दोन्ही उलट वाटतात, पण मूळ बहुधा एकच असतं: आयटम नक्की कोणाकडे आहे याचा शेवटचा शब्द डेटाबेसचा नसतो. तो कोडमधल्या एखाद्या ‘इफ’वर (‘असं असेल तर तसं कर’ या अटीवर) सोपवलेला असतो, आणि तोच ‘इफ’ एकाच क्षणी दोन सर्व्हरवर चालू असतो.

खालचं सगळं पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल धरून लिहिलं आहे. दुसरा रिलेशनल डेटाबेस असेल तर नावं बदलतील, क्रम बदलणार नाही.

लक्षणं

- ट्रेड पूर्ण झाल्यावर एकच तलवार देणाऱ्याकडेही दिसते आणि घेणाऱ्याकडेही.
- पॅक एकदा उघडला आणि कार्डं दोनदा मिळाली. किंवा नाणी कापली गेली, पॅक मात्र आलाच नाही.
- मर्यादित आवृत्तीच्या कार्डावर ‘१००० पैकी २१४’ हा क्रमांक दोन वेगळ्या खेळाडूंकडे.
- नगसंख्या उणे, नाहीतर एकदम दोनशे कोटींच्या घरात.
- पेटीत एक कोरा चौकोन: आयटम आहे, पण त्याला ना नाव ना चित्र.
- खेळाडूने एकाच वेळी फोनवर आणि टॅबवर गेम उघडला आणि सकाळी मिळवलेलं बक्षीस संध्याकाळी नाहीसं झालं.
- इव्हेंट सुरू झाल्यावर पहिल्या काही मिनिटांत तक्रारींचा पाऊस, आणि टेस्टिंगमध्ये कितीही डोकं आपटलं तरी एकदाही तसं होत नाही.

यातलं शेवटचं लक्षण दिसलं की मी निम्मा निश्चिंत होतो. टेस्टिंगला एकटा माणूस सावकाश बटणं दाबत असतो, इव्हेंटला हजारो जण एकाच सेकंदाला दाबतात. तेव्हा वेळेच्या घोटाळ्यावर माझा पहिला संशय जातो.

हात लावण्याआधी

कुठलीही रो (टेबलातली ओळ) डिलीट करू नका. ‘जास्तीच्या’ रो उडवून टाकायचा मोह फार होतो, पण त्याच रो तुमचा पुरावा आहेत. आधी बॅकअप घ्या आणि तो दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर होतो का तेही बघा. उघडून न पाहिलेल्या बॅकअपवर भरवसा ठेवू नये. ट्रेड किंवा लिलाव यांपैकी एकातूनच ड्युप निघतायत असं दिसत असेल तर तेवढा भाग बंद करून ‘देखभाल सुरू आहे’ अशी पाटी लावा. खेळाडू तासभर शिव्या घालतील. बाजारात हजार नकली तलवारी पसरल्या तर मात्र महिनाभर घालतील.

पहिली तपासणी: दिसतंय ते खरं आहे का?

ही फुकटात होते, म्हणून पहिली. तक्रारीतल्या एका आयटमचा आयडी घ्या आणि तो थेट प्रायमरी, म्हणजे जिथे लिहिलं जातं त्या मूळ डेटाबेसवर शोधा. रेप्लिकावर (त्याच्या प्रतीवर) नाही, अ‍ॅडमिन पॅनेलवर नाही, रेडिसमध्ये (मेमरीतल्या झटपट साठ्यात) तर नाहीच. प्रायमरीवर एकच रो असेल आणि मालक बरोबर असेल, तर आयटम दुप्पट झालेला नाही, फक्त चित्र दुप्पट दिसतंय. रेप्लिका प्रायमरीच्या थोडी मागे असते, आणि तेवढ्या वेळात देणाऱ्याच्या स्क्रीनवर जुनीच यादी येते.

इथे सुटलो म्हणून लगेच उठू नका. कोडमध्ये एक गोष्ट शोधा: आयटम देणं, विकणं, मोडणं, वापरणं यांपैकी कुठलाही निर्णय रेप्लिका किंवा कॅश (झटपट वाचायला जवळ ठेवलेली प्रत) वाचून होतोय का? नुसती यादी दाखवायला कॅश चालते. ‘याच्याकडे आयटम आहे का’ हे ठरवायला कॅश वापरली की आज दिसण्यापुरता असलेला दोष उद्या खरा ड्युप होतो.

दुसरी तपासणी: मोजून बघा

चार साध्या क्वेरी लिहा. एकमेव असायला हवेत असे आयडी किंवा आवृत्ती-क्रमांक एकापेक्षा जास्त वेळा कुठे आलेत? नगसंख्या शून्याखाली कुठे गेली? असे कुठले आयटम आहेत ज्यांचा प्रकार प्रकारांच्या टेबलातच नाही? (कोरा चौकोन इथेच सापडतो: इव्हेंट संपल्यावर कुणीतरी जुने प्रकार साफ केलेले असतात.) आणि व्यवहारांची नोंद ठेवत असाल, तर नोंदींची बेरीज आणि आत्ताची शिल्लक जुळते का?

आकडा किती आला याला फार महत्त्व देऊ नका, तो कसा पसरलाय ते बघा. ड्युप तयार झाल्याची वेळ घेऊन तासाप्रमाणे मांडा. सगळे इव्हेंटच्या गर्दीत असतील तर सहाव्या तपासणीकडे जास्त लक्ष द्या. दिवसभर तुरळक, सारखे पसरलेले असतील तर चौथी. एका ठरावीक तारखेपासूनच सुरू झाले असतील तर त्या दिवशी कोडचा कुठला रिलीज गेला ते आधी पाहा. आणि मूठभर खेळाडूंकडेच ढिगाने असतील, तर कुणालातरी युक्ती सापडली आहे आणि ती बहुधा एखाद्या ग्रुपवर फिरतेय.

तिसरी तपासणी: कन्स्ट्रेंट (डेटाबेसने पाळायच्या अटी) खरोखर आहेत का?

"आमच्याकडे युनिक लावलंय" हे वाक्य मी फार ऐकतो. युनिक म्हणजे तीच नोंद दोनदा येऊ न देणारी अट. मायग्रेशनच्या (टेबलं बनवणाऱ्या-बदलणाऱ्या) फाइलमध्ये ती लावलेली असते, प्रॉडक्शनवर (खऱ्या चालू सर्व्हरवर) नसते. म्हणून फाइल वाचू नका, चालू डेटाबेसला विचारा. मायएसक्यूएलमध्ये ‘शो क्रिएट टेबल’, पोस्टग्रेसच्या पीएसक्यूएलमध्ये ‘बॅकस्लॅश डी’. दोन मिनिटांचं काम आहे.

कन्स्ट्रेंट तिथे असूनही काम करत नाही, असेही काही प्रकार आहेत.

मायएसक्यूएलच्या ८.०.१६ च्या आधीच्या आवृत्त्या ‘चेक’ कन्स्ट्रेंट मुकाट वाचून घेतात आणि सोडून देतात. एरर नाही, काही नाही. ‘नग शून्याच्या खाली जाऊ नये’ असं लिहून तुम्ही निर्धास्त झोपता आणि डेटाबेसला त्याचा पत्ताच नसतो. जुन्या सर्व्हरवर उणे नग दिसले की आवृत्ती आधी बघा. तसंच टेबलाचं इंजिन (डेटा साठवणारी यंत्रणा) बघा. ५.५ पासून इनोडीबी आपोआप मिळतं, पण कुठूनतरी उचलून आणलेल्या जुन्या स्कीमात (टेबलांच्या आराखड्यात) मायआयसॅम लिहिलेलं राहतं. त्यात फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या रोशी बांधणारी अट) नुसती लिहिण्यापुरती असते आणि ट्रान्झॅक्शन (सगळं होईल नाहीतर काहीच नाही, असा कामांचा गट) नसतंच. तसं निघालं तर पाचवी आणि सहावी तपासणी इंजिन बदलल्याशिवाय करण्यात अर्थ नाही.

सगळ्यात जास्त चकवतो तो नल, म्हणजे काहीच न भरलेली जागा. समजा, थप्पीने राहणाऱ्या आयटमसाठी (औषधं, तुकडे, चाव्या) तुम्ही खेळाडू, प्रकार आणि हंगाम या तीन कॉलमांवर मिळून युनिक लावलंय. नेहमीच्या आयटमला हंगाम नसतो, म्हणून तिथे नल. आता डेटाबेसच्या लेखी एक नल दुसऱ्या नलसारखा नसतो. त्यामुळे ‘खेळाडू ७, चावी, नल’ ही रो कितीही वेळा घालता येते, युनिक अडवत नाही. रो असली तर नग वाढव, नसली तर नवी घाल अशी क्वेरी असेल तर ती प्रत्येक वेळी नवीच रो घालते. खेळाडूला पेटीत चाव्यांच्या सहा वेगळ्या थप्प्या दिसतात, आणि मोडायला घेतल्यावर कोड त्यातली पहिलीच वाचतो. पोस्टग्रेस १५ पासून ‘नल्स नॉट डिस्टिंक्ट’ असं सांगून हे बंद करता येतं. मला विचाराल तर कॉलमच ‘नॉट नल’ करा आणि ‘हंगाम नाही’साठी शून्य नंबरचा एक हंगाम टेबलात घालून ठेवा. दोन्ही डेटाबेसांत चालतं आणि पुढच्या माणसाला वाचताच कळतं.

मग कॉलमचे प्रकार. ३२ बिटांच्या साइन्ड (उणे आकडेही मावणाऱ्या) पूर्णांकात २,१४७,४८३,६४७ पेक्षा मोठा आकडा मावत नाही. पोस्टग्रेस त्यापुढे एरर देतो, मायएसक्यूएलही स्ट्रिक्ट मोडमध्ये देतो, पण गेम सर्व्हरच्या कोडमध्ये तोच आकडा गुपचूप उणे होऊ शकतो. हे फक्त नवशिक्यांना होतं असं समजू नका. मे २०१३ मध्ये डायब्लो ३ च्या १.०.८ या पॅचनंतर लिलावघरात सोनं दुप्पट करता येऊ लागलं. सोन्याच्या एका गठ्ठ्याची मर्यादा दहा लाखांवरून एक कोटी केली होती, आणि मोठ्या सौद्यांत आकडा ३२ बिटांच्या बाहेर गेला. ब्लिझार्डला लिलावघर काही काळ बंद ठेवावं लागलं होतं. नाणी आणि नग मोठ्या पूर्णांकात ठेवा आणि कोडमधला प्रकारही तोच ठेवा. दशांश अपूर्णांकाचा फ्लोट चलनाला कधीच नको.

नवा युनिक कन्स्ट्रेंट लावताना तो फसला, तर त्यावर चिडू नका. ड्युप कुठे आहेत ते त्याने दाखवून दिलं. पोस्टग्रेसमध्ये चालू टेबलावर युनिक इंडेक्स ‘कॉन्करंटली’ बांधा म्हणजे खेळ थांबत नाही. पण तो मध्येच फसला तर एक बाद इंडेक्स मागे राहतो, तो हाताने काढावा लागतो.

चौथी तपासणी: तीच रिक्वेस्ट दोनदा आली का?

कल्याणहून मुंबईकडे निघालेली एक्स्प्रेस पारसिकच्या बोगद्यात शिरते आणि नेमकं त्याच वेळी खेळाडू ‘पॅक उघडा’ दाबतो. रिक्वेस्ट सर्व्हरला पोचली, पॅक उघडला गेला, कार्डं लिहिली गेली. उत्तर परत येईपर्यंत रेंज गेली. फोनमधल्या गेमला वाटलं रिक्वेस्ट फसली, त्याने बोगद्याबाहेर आल्यावर तीच पुन्हा पाठवली. सर्व्हरच्या दृष्टीने दोन रिक्वेस्ट आल्या, दोन पॅक उघडले. यात ना खेळाडूची लबाडी, ना नेटवर्कचा दोष. मोबाइलवर हे होणारच, ते धरूनच रचना करायची.

ओळखायचं कसं? ड्युपच्या जोडीतल्या दोन रोंच्या वेळा बघा. दोन्हींमधलं अंतर तुमच्या क्लायंटच्या, म्हणजे फोनमधल्या गेमच्या, टाइमआउटइतकं असेल (समजा १० सेकंद, आणि प्रत्येक जोडीत साधारण तेवढंच), तर दुसरं काही शोधायची गरज नाही.

उपाय: बटण दाबताक्षणी क्लायंटने एक यूयूआयडी (पुन्हा न येणारा नंबर) तयार करायचा आणि पुन्हा पाठवतानाही तोच लावायचा. सर्व्हरवर रिक्वेस्टचं एक टेबल, त्यात हा नंबर प्रायमरी की (रोची एकमेव ओळख), शेजारी दिलेलं उत्तर. कार्डं लिहिणारं ट्रान्झॅक्शन आधी हा नंबर घालतं. घालता आला नाही, म्हणजे काम आधीच झालंय; साठवलेलं उत्तर परत पाठवा. फॉर्म्युला सगळ्यांना माहीत असतो, तो फसतो तीन जागी. एक, लायब्ररी प्रत्येक वेळी नवा नंबर बनवते. दोन, नंबर रेडिसमध्ये पाच मिनिटांच्या मुदतीने ठेवलेला असतो आणि खेळाडू सहाव्या मिनिटाला बोगद्याबाहेर येतो. तीन, नंबर एका ट्रान्झॅक्शनमध्ये आणि कार्डं दुसऱ्यात. मग मध्ये सर्व्हर पडला की ‘झालंय’ अशी नोंद असते आणि कार्डं नसतात.

खऱ्या पैशांच्या खरेदीत वेगळा नंबर बनवायची गरजच नाही. गूगल प्लेचा परचेस टोकन आणि अ‍ॅपलचा ट्रान्झॅक्शन आयडी तयारच मिळतो, त्यावर युनिक लावा. क्रम मात्र पाळा: आधी आयटम लिहून कमिट (पक्का), मग प्लेला पावती मान्य असल्याचं कळवायचं. ते तीन दिवसांत कळवलं नाही तर प्ले खेळाडूचे पैसे आपोआप परत करतं. ‘आयटम गेला आणि पैसेही आले नाहीत’ ही स्टुडिओची तक्रार तिथून येते.

पाचवी तपासणी: ट्रान्झॅक्शन कुठे सुरू होतं, कुठे संपतं?

नाणी गेली आणि पॅक आला नाही, हे लक्षण असेल तर इथे थांबून नीट बघा. दोन्ही डेटाबेस सांगितल्याशिवाय प्रत्येक स्टेटमेंट वेगळं कमिट करतात. नाणी कापणारं स्टेटमेंट झालं, पुढच्या ओळीला सर्व्हर कोसळला, की खेळाडूची नाणी गेली ती गेली.

"आमच्याकडे बिगिन-कमिट आहे" असं सांगणाऱ्यांकडेही हे निघतं. कारण बिगिन एका कनेक्शनवर जातं आणि मधली क्वेरी पूलमधल्या (तयार कनेक्शनांच्या साठ्यातल्या) दुसऱ्याच कनेक्शनवर. नोडमध्ये (जावास्क्रिप्टच्या सर्व्हरवर) पूललाच थेट क्वेरी दिली की हमखास होतं. फंक्शनच्या पोटातलं फंक्शन कुठलं कनेक्शन वापरतं ते एकेक करून बघा. कंटाळवाणं आहे, पण दुसरा मार्ग नाही.

मायएसक्यूएलमध्ये आणखी एक खड्डा आहे आणि तो फार कमी लोकांना माहीत असतो. लॉकची वाट पाहून वेळ संपली (आपोआप मिळणारी मुदत ५० सेकंद) की १२०५ एरर येते. त्या वेळी इनोडीबी फक्त तेवढं एक स्टेटमेंट मागे घेतं, सगळं ट्रान्झॅक्शन नाही. कोडने ती एरर लॉगमध्ये लिहून पुढे जाऊ दिलं आणि शेवटी कमिट केलं, तर अर्धा ट्रेड पक्का होतो. डेडलॉकच्या (दोघं एकमेकांच्या कुलपाची वाट बघत अडकल्याच्या) १२१३ ला मात्र सगळंच मागे जातं. म्हणून नियम एकच ठेवा: कुठलीही एरर आली की रोलबॅक, म्हणजे सगळं मागे.

खात्री करायची स्वस्त युक्ती: स्टेजिंगवर (चाचणीच्या सर्व्हरवर) नाणी कापणं आणि पॅक देणं या दोन ओळींच्या मध्ये सर्व्हर मुद्दाम मारून टाका. नंतर डेटाबेसमध्ये नाणी जशीच्या तशी असायला हवीत. नसतील, तर दोष सापडला.

सहावी तपासणी: वाचलं, तपासलं, मग लिहिलं

मला सगळ्यात जास्त वेळा सापडलेला दोष हा. कोड असा असतो: आयटमचा मालक वाचा, तो अ असेल तर पुढे जा, मालक ब करा. वाचायला अगदी सरळ. आता अ ने दोन फोनवरून ९०४१ नंबरची तलवार एकाच वेळी दोघांना द्यायला काढली आहे.

पहिला सर्व्हर वाचतो: मालक अ. दुसरा सर्व्हर वाचतो: मालक अ. पहिला म्हणतो ठीक, ब कडून ५०० नाणी घेऊन मालक ब लिहितो. दुसराही म्हणतो ठीक, क कडून ५०० नाणी घेऊन मालक क लिहितो. तलवार शेवटी क कडे, अ च्या खिशात १००० नाणी, आणि ब तक्रार करतो की पैसे गेले, तलवार नाही. प्रत्येक ट्रेडला नवी रो घालणारी रचना असती तर दोन तलवारी झाल्या असत्या. ड्युप आणि गायब ही एकाच दोषाची दोन तोंडं, ती अशी.

‘ट्रान्झॅक्शनमध्ये घातलं की झालं’ हा इथला मोठा गैरसमज. पोस्टग्रेस आपोआप ‘रीड कमिटेड’वर चालतो, मायएसक्यूएल ‘रिपीटेबल रीड’वर, आणि दोन्हीत साधा सिलेक्ट (वाचन) कुणालाही अडवत नाही. वरची गोष्ट पूर्णपणे ट्रान्झॅक्शनच्या आत घडू शकते.

उपाय एक, आणि बहुतेक ठिकाणी एवढाच पुरतो: तपासणी आणि लेखन एकाच अपडेटमध्ये आणा. ‘९०४१ चा मालक ब कर, पण सध्या तो अ असेल तरच.’ मग किती रो बदलल्या ते बघा. एक असेल तर नाणी हलवा. शून्य असेल तर आयटम आधीच गेलाय, रोलबॅक. थप्पीच्या आयटमसाठीही तेच: ‘नगातून तीन वजा कर, पण नग तीन किंवा जास्त असतील तरच.’ कोडमध्ये वजाबाकी करून आलेला आकडा लिहिणं बंद. किती रो बदलल्या हे तपासायला लोक विसरतात, आणि मग अट घालूनही काही उपयोग होत नाही.

उपाय दोन, निर्णय गुंतागुंतीचा असेल तेव्हा: ‘सिलेक्ट फॉर अपडेट’ने रो आधी कुलूपबंद करा, मग विचार करा. मायएसक्यूएलमध्ये हे ट्रान्झॅक्शनचं पहिलंच वाचन असू द्या. आधी साधा सिलेक्ट झाला की त्या क्षणाचं चित्र गोठतं, आणि पुढचे साधे सिलेक्ट तेच जुनं दाखवत राहतात. कुलपं लावायला लागलात की डेडलॉक येतील: एकजण तलवार धरून ढालीची वाट बघतो, दुसरा ढाल धरून तलवारीची. प्रत्येक ठिकाणी आयडीच्या चढत्या क्रमानेच कुलूप लावा, निम्मे डेडलॉक तिथेच संपतात. उरलेल्यांसाठी ट्रान्झॅक्शन पहिल्या ओळीपासून पुन्हा चालवा. पोस्टग्रेसचे ४०००१ आणि ४०पी०१ हे कोड, मायएसक्यूएलचा १२१३, एवढ्यांवरच आपोआप पुन्हा प्रयत्न ठेवा. बाकी एररवर नको.

मर्यादित आवृत्तीचे क्रमांक दुप्पट येत असतील तर कोडमध्ये ‘सगळ्यात मोठा क्रमांक अधिक एक’ असं सापडेल. दोघांनी एकदम मोठा क्रमांक वाचला की दोघांना २१४. सीक्वेन्स (डेटाबेसचा स्वतःचा क्रमांक-मोजक) लावला तर ड्युप थांबतील, पण रोलबॅक झालेला क्रमांक परत येत नाही, म्हणजे हजारात भोकं पडतील. इव्हेंटच्या आधीच हजार रो बनवून ठेवा, मालक रिकामा. देताना एक रिकामी रो ‘स्किप लॉक्ड’ (कुलूपबंद रो सोडून दे) लावून उचला. पोस्टग्रेस ९.५ पासून आणि मायएसक्यूएल ८.० पासून हे मिळतं. हजार संपले की हजारच संपतात, आणि कुणी कुणाची वाट बघत बसत नाही.

दुरुस्ती झाल्यावर स्टेजिंगवर एकच ट्रेड पन्नास समांतर रिक्वेस्टनी मारा. एक यशस्वी आणि एकोणपन्नास नकार यायला हवेत.

सातवी तपासणी: टेबलांची रचनाच चुकली आहे का?

हे शेवटी, कारण महाग आहे. वरचं सगळं करूनही दोष परत परत येत असेल तरच.

पहिला संशयित: खेळाडूच्या रोमध्ये सगळी इन्व्हेंटरी एका जेसन कॉलमात (अख्खी यादी एकाच मजकुरात कोंबलेली). गेम लॉगिनला ती उचलतो, मेमरीत बदलतो, थोड्या थोड्या वेळाने अख्खी परत लिहितो. फोन आणि टॅब दोन्ही चालू असतील तर शेवटी लिहिणारा जिंकतो आणि दुसऱ्याने मिळवलेलं पुसलं जातं. या रचनेत युनिक नाही, फॉरेन की नाही, काहीच लावता येत नाही. तात्पुरतं म्हणून आवृत्ती-क्रमांकाचा कॉलम घाला आणि ‘मी वाचलेलीच आवृत्ती अजून असेल तरच लिही’ अशी अट ठेवा. कायमचं औषध म्हणजे आयटमला स्वतःच्या रो.

दुसरा संशयित: प्रत्येक ठिकाणासाठी वेगळं टेबल. पिशवीचं एक, लिलावाचं एक, टपालाचं एक. आयटम हलवणं म्हणजे इथे इन्सर्ट, तिथे डिलीट. या दोन्हींमध्ये जे काही बिघडेल त्यातून ड्युप किंवा गायब निघणारच. त्याऐवजी ‘पेटी’ नावाचं एक टेबल करा. खेळाडूची पिशवी ही एक पेटी, लिलावात अडकवलेला माल ही एक पेटी, न उघडलेलं टपालही एक पेटी. एकमेव आयटमची आयुष्यभर एकच रो, तिच्यात पेटीचा आयडी, नॉट नल, फॉरेन कीसकट. हलवणं म्हणजे तो एक कॉलम बदलणं. एक रो दोन पेट्यांत असूच शकत नाही, मग कोड कितीही गचाळ असो. ‘मालकाचा प्रकार’ आणि ‘मालकाचा आयडी’ अशी कॉलमांची जोडी दिसली तर तीही यात विरघळवून टाका, कारण तिच्यावर फॉरेन की लागत नाही. थप्पीच्या आयटमचं टेबल वेगळं ठेवा: पेटी आणि प्रकार मिळून प्रायमरी की, नगावर चेक.

तिसरी गोष्ट, नसेल तर आजच घाला: खतावणी. प्रत्येक हालचालीची एक ओळ. कुठल्या पेटीतून, कुठल्या पेटीत, काय, किती, कुठल्या रिक्वेस्टमुळे. किराणा दुकानदार उधारीची ओळ खोडत नाही, खाली जमेची दुसरी लिहितो, तसंच इथे अपडेट आणि डिलीटचे हक्क अ‍ॅप्लिकेशनच्या युजरला द्यायचेच नाहीत. नवे आयटम ‘टांकसाळ’ नावाच्या पेटीतून निघतात, मोडलेले ‘भट्टी’त जातात. मग रात्री एक क्वेरी: टांकसाळीतून निघालेले वजा भट्टीत गेलेले, बरोबर खेळात असलेले. जुळलं नाही की दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्हाला कळतं, नाहीतर तीन आठवड्यांनी खेळाडू सांगतात.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

पैसे देऊन घेतलेले आयटम यात अडकले असतील आणि कुणाला काय परत द्यायचं हे नोंदींवरून ठरत नसेल, तर स्वतः डेटा दुरुस्त करायला बसू नका. आयटम रोख पैशांत मोडता येत असतील तर डेटाबेसवाल्याआधी वकील. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानंतर हा प्रश्न नुसता तांत्रिक राहिलेला नाही.

बॅकअपमधून एखाद्या ठरावीक क्षणापर्यंत मागे जायचं असेल आणि ते पूर्वी कधी केलं नसेल, तर पहिला प्रयोग प्रॉडक्शनवर करू नका. आयटमचं टेबल कोटींच्या घरात असेल आणि चालू खेळात त्याची की किंवा इंजिन बदलायचं असेल, तर तेही अनुभवी डीबीएचं (डेटाबेस सांभाळणाऱ्याचं) काम. डेटा अनेक शार्डवर (वेगवेगळ्या डेटाबेस सर्व्हरवर) विभागला असेल आणि ट्रेड दोन शार्डांत होत असतील, तर वरचे निम्मे उपाय जसेच्या तसे लागू पडत नाहीत. आणि अ‍ॅप्लिकेशनच्या लॉगमध्ये नसलेले बदल डेटाबेसमध्ये दिसत असतील, तर तो बग नसून कुणीतरी आत आलेलं असू शकतं. तेव्हा पासवर्ड बदला, लॉग जपून ठेवा, आणि सुरक्षेच्या माणसाला त्याच दिवशी बोलवा.

खेळाडूंना बॅन करण्याची घाई कुठल्याच परिस्थितीत नको. ड्युप तलवार चार हात फिरून ज्याच्याकडे पोचली, त्याने ती बाजारभावाने घेतलेली असते. चोर सोडून संन्याशाला फाशी व्हायला वेळ लागत नाही. संशयित आयटम ‘अटकाव’ नावाच्या पेटीत हलवा, खतावणीत ओळ लिहा, आणि निकाल लागेपर्यंत तिथेच राहू द्या. चुकलंच तर एका अपडेटने परत देता येतो.

जाणकाराला फोन करण्याआधी एवढं हाताशी ठेवा: डेटाबेसची नेमकी आवृत्ती, प्रॉडक्शनवरून काढलेला स्कीमा, ड्युपच्या चार-पाच जोड्या त्यांच्या वेळांसकट, त्या वेळांच्या आसपासचे सर्व्हर लॉग, आणि तोवर तुम्ही काय काय बदललं त्याची यादी. शेवटची यादी लोक देत नाहीत, आणि पहिला अर्धा दिवस तीच काढून घेण्यात जातो.